अक्कलदाढ काढताना: सोसू नका, सांगा!

मैत्रिणींनो, घरात कुणाचं दुखलंखुपलं की धावपळ करायला आपण सगळ्यांच्या पुढे असतो. मुलाच्या दाताला कीड दिसली की दुसऱ्या दिवशी डॉक्टर, सासूबाईंची कवळी सैल झाली की त्याच आठवड्यात दाखवून आणायची. पण आपली स्वतःची अक्कलदाढ ठणकायला लागली की मात्र लवंग धरायची, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या आणि "बघू, मुलांच्या परीक्षा झाल्या की", "बघू, लग्नाची गडबड आटपली की" असं म्हणत वर्ष ढकलायचं!

खरं सांगायचं तर परीक्षा आणि लग्नं ही निमित्तं असतात. पोटात गोळा येतो तो सुईच्या नावानं. आणि त्याहून मोठी भीती असते ती, सुई टोचून घेतली तरी दुखलंच तर, ही.

माझं सासर साताऱ्याचं आणि माहेर सांगलीचं. दोन्हीकडे हळदीकुंकवाला चार बायका जमल्या आणि दाढेचा विषय निघाला की प्रत्येकीची हकीकत वेगळी. एक म्हणते, "मला एकदाच टोचलं, कळलंसुद्धा नाही." दुसरी म्हणते, "मला बाई तीन ठिकाणी टोचलं, तरी ठणका मारतच होता." तिसरी तर म्हणाली, "माझं तोंड मिटलेलंच होतं, तसंच टोचलं." ऐकणारीला वाटावं, यांतली एखादी तरी तिखटमीठ लावून सांगते आहे. पण तसं नाही. तिघींचंही खरं असू शकतं. कारण दाढ काढताना भूल देण्याच्या रीती एकाहून जास्त आहेत. कुठली रीत वापरायची हे दाढ वरची की खालची, ती हाडात किती अडकली आहे आणि तोंड किती उघडतं आहे, यावर ठरतं. हे सगळं ठरवणं डॉक्टरांचं काम. पण त्यांनी ते का ठरवलं एवढं आपल्याला कळलं, तर निम्मी भीती तिथेच जाते.

भूल म्हणजे झोप नव्हे

दाढ काढताना बहुतेक वेळा देतात ती जागेपुरती भूल. आपण जाग्या असतो, ऐकतो, मान हलवतो, फक्त तेवढा भाग बधिर होतो. ही सोय फार जुनी नाही बरं का! १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दाताच्या डॉक्टरांनी हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली, तेव्हा वेदनेशिवाय दात काढता येतो हे लोकांना कळायला सुरुवात झाली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला आणि त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदांनी जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून खालचा जबडा बधिर केला. पण कोकेन ते कोकेनच! हॉल्स्टेड यांना स्वतःलाच त्याचं व्यसन जडलं. पुढे १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलं आणि १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. ते १९४८ पासून बाजारात आलं. आज आपल्याकडे साताऱ्यात, सांगलीत किंवा तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते बहुधा या लिग्नोकेनचंच असतं. त्याचं व्यसन लागत नाही.

वरची दाढ: मुरमाची जमीन

वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. मुरमाड जमिनीत जसं पाणी चटकन मुरतं, तसं हिरडीत टोचलेलं औषध हाडातून झिरपून दाढेच्या मुळापर्यंत पोचतं. म्हणून वरच्या अक्कलदाढेला "जागेवरची भूल" पुरते. एक टोचणं गालाच्या बाजूनं आणि एक टाळूच्या बाजूनं. दोन-चार मिनिटांत काम होतं.

टाळूचं टोचणं जरा झोंबतं, कारण तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते आणि औषधाला पसरायला जागा मिळत नाही. आधी बधिर करणारं मलम किंवा फवारा लावला, जागा बोटानं किंवा उपकरणानं दाबून धरली आणि औषध अगदी सावकाश सोडलं, तर त्रास पुष्कळ कमी होतो. "डॉक्टर, आधी मलम लावाल का? आणि हळू टोचाल का?" एवढं विचारायला लाजायचं कारण नाही.

खालची दाढ: सह्याद्रीचा कातळ

खालच्या जबड्याची गोष्ट वेगळी. तिथलं हाड मागच्या बाजूला जाड आणि घट्ट, आपल्या अजिंक्यताऱ्याच्या कातळासारखं. वरून कितीही औषध ओतलं तरी आत मुरायचं नाही. मग डॉक्टर काय करतात? दाढेजवळ न टोचता, जिथून नस जबड्याच्या हाडात शिरते तिथेच औषध सोडतात. घरातला एकच दिवा घालवायचा असेल तर बटण दाबतो, पण डीपीवरचा फ्यूजच काढला तर अख्ख्या आळीत अंधार होतो. तसंच हे. म्हणून अक्कलदाढेबरोबर त्या बाजूचे खालचे सगळे दात आणि अर्धा ओठ बधिर होतो. डॉक्टर याला "ब्लॉक" म्हणतात.

नस शिरते ते भोक जबड्याच्या मागच्या उभ्या हाडाच्या आतल्या बाजूला असतं. तिथे पोचायला तोंड मोठं उघडावं लागतं आणि सुई लांब लागते. ती लांब सुई बघूनच पुष्कळजणी गारठतात. पण सुई लांब आहे ती अंतर गाठण्यासाठी, जास्त दुखवण्यासाठी नाही. बघवत नसेल तर सरळ डोळे मिटून घ्यावे.

खालच्या अक्कलदाढेभोवती तीन नसांचा संबंध येतो. दाताची एक, जिभेची एक आणि गालाकडच्या हिरडीची एक. पहिल्या दोन जवळजवळ असल्यानं एकाच सुईत बधिर होतात. गालाकडची मात्र वेगळ्या वाटेनं येते, तिला वेगळं टोचावं लागतं. म्हणजे दोन टोचणी झाली की "पहिलं चुकलं वाटतं" असं मनात आणू नका. ती ठरलेलीच असतात.

आता या रीतीचा दोष. ही जगभर सगळ्यांत जास्त वापरली जाते, पण पहिल्या टोचण्यात शंभरातल्या पंधरा-वीस वेळा भूल पुरेशी चढत नाही, असं दाताच्या डॉक्टरांची पाठ्यपुस्तकंच सांगतात. ते भोक प्रत्येकीत अगदी एकाच उंचीवर नसतं. कुणाला त्या भागात जादा बारीक नसा असतात. आणि जागा सुजलेली, पू झालेली असेल तर तिथे आम्लता वाढलेली असते, त्यामुळे औषधाला नसेत शिरता येत नाही. "आधी पाच दिवस गोळ्या घ्या, सूज उतरू द्या, मग काढू," असं डॉक्टर म्हणतात, त्याचं एक कारण हेही आहे.

जरा वरून टोचायची रीत

१९७३ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज गो-गेट्स या दाताच्या डॉक्टरांनी दुसरी एक रीत सांगितली. ते म्हणाले, फ्यूज आणखी वर जाऊन काढू. जबडा कानापुढे जिथे बिजागरीसारखा हलतो, त्याच्या मानेजवळ औषध सोडायचं. तिथे तिन्ही नसा एकत्र सापडतात, म्हणून बहुतेक वेळा एकाच टोचण्यात दात, जीभ आणि गालाकडची हिरडी असं सगळं बधिर होतं. सुई चुकून रक्तवाहिनीत जाण्याचा संभवही नेहमीच्या रीतीपेक्षा कमी.

मग सगळे डॉक्टर हीच का वापरत नाहीत? एक तर हिला सराव लागतो. दुसरं, तोंड पूर्ण उघडून तसंच धरून ठेवावं लागतं. आणि तिसरं, ही भूल चढायला वेळ लागतो. नेहमीच्या रीतीत तीन ते पाच मिनिटांत ओठ जड होऊ लागतो, तर इथे कधीकधी दहा मिनिटंही थांबावं लागतं. नेहमीची रीत फसली की हिचा आधार घेणारे डॉक्टर आहेत.

तोंडच उघडत नसेल तर?

अक्कलदाढेवरची हिरडी सुजली की जबडा जखडतो. घास जात नाही, चमचासुद्धा कसाबसा शिरतो. अशा वेळी वरच्या दोन्ही रीती निरुपयोगी, कारण दोन्हींना तोंड उघडं लागतं. त्यासाठी मिटल्या तोंडाची रीत आहे. १९६० साली वझिरानी यांनी आणि पुढे १९७७ साली अकिनोसी यांनी ती मांडली, म्हणून दोघांच्या नावानं ओळखली जाते. दात मिटलेले ठेवायचे, गाल सैल सोडायचा आणि वरच्या दाढांच्या हिरडीच्या रेषेत, गालाच्या आतून सुई मागे सरकवायची. हळदीकुंकवातली आमची तिसरी मैत्रीण सांगत होती ते हेच.

भूल चढली की जखडलेला जबडाही थोडा सैल होतो आणि पुढचं काम जमतं. घाबरट माणसालाही ही रीत सोयीची, कारण आ वासून सुईची वाट बघावी लागत नाही. उणी बाजू अशी, की सुईचं टोक हाडाला टेकवून खात्री करता येत नाही, अंदाजावर भिस्त जास्त. त्यामुळे हीसुद्धा सरावाच्या हातानंच द्यावी.

याशिवाय एक जोडीची रीत आहे. दाढ आणि हाड यांच्या मधल्या बारीक फटीत, अगदी थोडं औषध जोरानं सोडायचं. हिचा असर लवकर होतो, पण टिकतो थोडा वेळ. म्हणून ही एकटीनं वापरण्यापेक्षा, सगळं बधिर झालं तरी एखादा कोपरा दुखतोच आहे अशा वेळी मदतीला घेतात. पू झालेल्या जागी मात्र ती टाळतात.

आमटीत चवीला एक चिमूट कमी पडली तर आपण वरून घालतोच ना? तसं पहिल्या टोचण्यानंतर दुसरं लागलं तर ते डॉक्टरांचं अपयश नव्हे आणि तुमचा नाजूकपणाही नव्हे.

औषधांत फरक असतो का?

असतो. लिग्नोकेन सर्वांत रुळलेलं. बहुधा त्यात ॲड्रिनॅलिनचा अगदी बारीक अंश घातलेला असतो. त्यानं जवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध लवकर वाहून जात नाही, भूल जास्त टिकते आणि रक्तही कमी जातं. दाढेपुरती भूल साधारण तासभर टिकते. ओठ आणि जीभ मात्र तीन ते पाच तास जड राहतात.

आर्टिकेन हे त्यामानानं नवं. १९७६ पासून जर्मनीत वापरात आलं. हाडातून ते जास्त चांगलं झिरपतं, त्यामुळे वरच्या दाढेला टाळूचं टोचणं काही वेळा टाळता येतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. खालच्या दाढेच्या ब्लॉकमध्ये मात्र दोन्हींत तितका ठळक फरक नाही. बुपिव्हाकेन हे तिसरं. चढायला सावकाश, पण कितीतरी तास टिकतं. हाड कोरून दाढ काढावी लागली तर घरी गेल्यावरचे पहिले काही तास सुसह्य व्हावेत म्हणून ते वापरतात. लहान मुलांना सहसा देत नाहीत, कारण बधिर ओठ ती चावून घेतात.

"महागातलं इंजेक्शन द्या, म्हणजे दुखणार नाही," असं सांगणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्या आहेत. औषधापेक्षा ते योग्य जागी पोचणं आणि त्याला चढायला वेळ देणं, हे जास्त महत्त्वाचं.

"मला भूल चालत नाही!"

हे वाक्य किती जणींच्या तोंडी असतं! विचारलं तर सांगतात, "इंजेक्शन दिल्याबरोबर छातीत धडधडलं, हात थरथरले." ती धडधड पुष्कळदा त्या ॲड्रिनॅलिनची असते, शिवाय आपल्या घाबरण्याची. काही मिनिटांत ओसरते. लिग्नोकेनची खरीखुरी ॲलर्जी फारच क्वचित असते. चक्कर येण्याचं कारण तर बहुतेक वेळा भीती आणि रिकामं पोट. म्हणून जागेपुरती भूल घ्यायची असेल तर थोडं खाऊन जायचं. चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्राचे उपास असतील तर दाढ काढायचा दिवस दुसरा ठरवा. देव रागावणार नाही!

पण काही गोष्टी डॉक्टरांना आधी सांगायलाच हव्यात. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, थायरॉइडचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या, पूर्वी कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं असेल तर ते. चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. दिवस गेले असतील तर तेही मोकळेपणी सांगा. लिग्नोकेन गरोदरपणात चालतं, पण काम थांबवता येण्यासारखं असेल तर मधल्या तीन महिन्यांत करणं बरं असं मानतात.

भूल चढली हे कोण सांगणार?

आता मुख्य मुद्दा. रीत कुठलीही असो, औषध कुठलंही असो, भूल चढली की नाही हे शेवटी एकच व्यक्ती सांगू शकते, ती म्हणजे खुर्चीत बसलेली बाई. आणि नेमकं तेच आपण सांगत नाही!

आमच्या शाळेतल्या एका बाईंची हकीकत सांगते. काही वर्षांपूर्वी त्यांनी डावीकडची खालची दाढ काढून घेतली. इंजेक्शन दिलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत कामाला सुरुवात. दुखलं म्हणून या कण्हल्या, तर उत्तर मिळालं, "एवढं चालायचंच, जरा सोसा." यांनी सोसलं. बाळंतपणं सोसली, तर दाढेचं काय एवढं! दाढ निघाली, पण धसका बसला तो बसलाच. उजवीकडची दाढ त्रास द्यायला लागली तेव्हा त्यांनी तीन वर्षं कुणाला सांगितलंसुद्धा नाही. शेवटी एका पावसाळ्यात गाल सुजून तोंड जेमतेम एक बोट उघडेना, तेव्हा सांगलीच्या त्यांच्या बहिणीनं ओढूनच तिकडच्या एका दंत महाविद्यालयात नेलं. पाच दिवस गोळ्या, मग मिटल्या तोंडाची भूल.

तिथली शिकाऊ डॉक्टर मुलगी त्यांच्या विद्यार्थिनीएवढी. तिनं विचारलं, "काकू, ओठ जड झाला का?" बाई म्हणाल्या, "हो हो, करा तुम्ही." तिनं हिरडीला टोकदार उपकरण हलकेच लावून पाहिलं, तर बाई दचकल्या. मुलगी म्हणाली, "काकू, खरं सांगा हं. मला वाईट वाटणार नाही. उलट तुम्ही गप्प बसलात तर मला कळणार कसं?" तिच्या सरांनी बघून आणखी थोडं औषध दिलं, दहा मिनिटं थांबले आणि मग दाढ काढली. बाई म्हणाल्या, "दाबल्यासारखं, ओढल्यासारखं कळलं, करकर ऐकू आली, पण दुखलं नाही. हे असं असतं हे मला माहीतच नव्हतं."

त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. पहिल्या वेळी सोसलं म्हणून पुढची तीन वर्षं दुखणं अंगावर काढलं. सोसण्याचं कौतुक करत आपण मोठ्या झालो, पण दाताच्या खुर्चीत सोसणं हा गुण नाही. तिथे खरं सांगणं हीच डॉक्टरांना मदत आहे.

म्हणून या चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

१. खालच्या दाढेसाठी त्या बाजूचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड, फुगल्यासारखी वाटली पाहिजे. ओठ नुसता चुणचुणत असेल तर भूल अजून पुरती चढलेली नाही. "अजून थोडं थांबू या का?" असं म्हणा.

२. ओठ बधिर झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. उपकरण लावून हिरडीची दोन्ही बाजूंनी परीक्षा करायला सांगा.

३. दाब आणि आवाज कळणारच. भूल वेदना घालवते, दाब घालवत नाही. पण कळ आली तर तो दाब नव्हे.

४. तोंडात उपकरणं असताना बोलता येत नाही. म्हणून आधीच ठरवा, "दुखलं तर मी डावा हात वर करीन, तेव्हा थांबा." चांगले डॉक्टर स्वतःहूनच हे सांगतात.

घरी आल्यावर

ओठ-जीभ बधिर असेपर्यंत गरम चहा नको आणि चावायचंही काही नको. भाजलेलं आणि चावलेलं तेव्हा कळत नाही, भूल उतरल्यावर कळतं! कापसाचा बोळा सांगितला तितका वेळ घट्ट दाबून धरा. पहिला दिवस चुळा भरायच्या नाहीत, पुन्हा पुन्हा थुंकायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. वेदनेची पहिली गोळी भूल उतरायच्या आत घ्यायची, ठणका सुरू झाल्यावर नव्हे.

आणि आपल्याकडे घरोघरी असलेली ती मिश्रीची डबी! दाढ काढल्यावर जखमेत रक्ताची गाठ टिकली तरच ती भरते. तंबाखूनं आणि चोळण्यानं ती बिघडते, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य ठणका लागतो. निदान जखम भरेपर्यंत डबी कपाटात ठेवा, आणि एवढे दिवस निभावलं तर ती परत काढूच नका.

लवंगेच्या तेलानं दाढेचा ठणका थोडा वेळ दबतो, पण तो काही उपाय नव्हे. ॲस्पिरिनची गोळी तर हिरडीवर कधीच ठेवू नका, हिरडी भाजते.

दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच असेल तर डॉक्टरांना कळवा. खालच्या दाढेची मुळं कधीकधी नसेला अगदी चिकटून असतात, म्हणून तर आधी एक्स-रे काढतात. असा बधिरपणा बहुतेकींचा काही आठवड्यांत-महिन्यांत जातो, क्वचित एखादीचा राहतो. हा धोका आपल्या दाढेत किती, हे एक्स-रे समोर ठेवून आधीच विचारावं. आणि जबड्याखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर रात्र असो की दिवस, तडक मोठं रुग्णालय गाठा. तिथे लवंग आणि शेक यांत वेळ घालवू नये.

पूर्ण भूल कधी?

तीन-चार दाढा एकदम काढायच्या असतील, दाढ खोल हाडात आडवी असेल किंवा काही कारणानं खुर्चीत बसून राहणं अशक्य असेल, तर पूर्ण भूल देतात. त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतात, रुग्णालय लागतं आणि काही तास आधीपासून उपाशी राहावं लागतं. नुसत्या भीतीपोटी एवढं करायची गरज सहसा नसते. भीती फार असेल तर जागेपुरत्या भुलीबरोबर मन शांत करणारं औषध किंवा वायू मिळू शकतो, तसं विचारावं.

खर्चाची काळजी असेल तर आपल्या भागात दंत महाविद्यालयांची सोय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं आणि सातारा जिल्ह्यात कराडजवळ मलकापूरला कृष्णाचं. अशा महाविद्यालयांत शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जरा जास्त लागतो, म्हणून डबा आणि वाचायला मासिक बरोबर न्या.

आणि तुमच्यापैकी जी कुणी गेली दोन-तीन वर्षं एकाच बाजूनं जेवते आहे, तिनं हा अंक मिटायच्या आधी फोन उचलून डॉक्टरांची वेळ घ्यावी. परीक्षा आणि लग्नं दरवर्षीच येतात.